रेकॉर्डच्या लेबलवर कंसात तीन नावं, मग गाणं नक्की केलं कोणी?

मला आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: साठ-सत्तरच्या दशकातल्या अमेरिकन सोल गाण्यांच्या रेकॉर्डवर गाण्याच्या नावाखाली कंसात दोन-तीन आडनावं छापलेली असतात. हॉलंड-डोझिअर-हॉलंड, हेज-पोर्टर, गॅम्बल-हफ. यातला गीतकार कोण आणि संगीतकार कोण? प्रोड्यूसर म्हणून पुन्हा तीच नावं का येतात? आणि जाता जाता विचारलेलं, पण मला वाटतं मुख्य तेच: आम्ही तिघं मित्र गाणी करतो, एकाचे शब्द, एकाची चाल, तिसरा लॅपटॉपवर बाकी सगळं उभं करतो, तर श्रेय कसं वाटायचं?

मी मुंबईत रेकॉर्डिंग सेशनला बास गिटार वाजवतो आणि अरेंजिंग करतो, म्हणजे कुठलं वाद्य कुठे काय वाजवणार ते ठरवतो. ही गाणी नुसती ऐकण्यापेक्षा एकेक वाद्य वेगळं काढून उतरवून घेण्यात माझा जास्त वेळ गेलाय. त्यामुळे उत्तर थोडं वादकांच्या बाजूला झुकेल, तेवढं गृहीत धरा.

आधी एक गाठ सोडवू. आपण ज्याला गाणं म्हणतो, त्यात तिथल्या कायद्याने दोन वेगळ्या मालमत्ता असतात. पहिली म्हणजे शब्द आणि चाल, जी कागदावर लिहिता येते आणि उद्या दुसरं कोणीही गाऊ शकतं. दुसरी म्हणजे ती टेप, त्या दिवशी त्या खोलीत त्या माणसांनी वाजवलेली. कंसातली नावं फक्त पहिल्या मालमत्तेची. अमेरिकेत साध्या रेडिओवर गाणं वाजलं की पैसे लिहिणाऱ्यांना आणि प्रकाशकाला मिळतात; गायकाला आणि वादकांना त्यातून आजही काही मिळत नाही. म्हणून कंसात नाव येणं हा मानापेक्षा पोटाचा प्रश्न होता. आणि तुम्हाला त्या गाण्यांत जे आवडतं, तो बास, ते टँबरिन, तो ठेका, ते बहुतेक सगळं दुसऱ्या मालमत्तेत बसतं. त्याबद्दल कंस गप्प असतो.

प्रोड्यूसरचंही सांगून टाकतो. तिथे प्रोड्यूसर म्हणजे पैसे घालणारा निर्माता नाही. सेशन चालवणारा माणूस तो: कोण गाणार, कुठल्या पट्टीत, किती लयीत, कुठला टेक ठेवायचा हे ठरवणारा. लिहिणारा आणि सेशन चालवणारा एकच असणं, माझ्या मते या टीमचं सगळं बळ इथे आहे. कसं ते पाहू.

डेट्रॉइटपासून सुरुवात करतो. बेरी गॉर्डी हा पूर्वी मोटारीच्या कारखान्यात असेंब्ली लाइनवर काम केलेला माणूस. त्याने 1959 मध्ये घरच्या बचत निधीतून 800 डॉलर उसने घेऊन कंपनी काढली, तीच पुढे मोटाउन झाली. 2648, वेस्ट ग्रँड बुलेव्हार्ड या पत्त्यावर एक साधं घर घेतलं आणि त्यातच स्टुडिओ केला. ब्रायन हॉलंड, त्याचा थोरला भाऊ एडी आणि लमाँट डोझिअर हे तिघे तिथलेच. ढोबळ वाटणी अशी होती: ब्रायन आणि लमाँट पियानोवर चाल बांधायचे आणि स्टुडिओत ट्रॅक, म्हणजे वाद्यांचं रेकॉर्डिंग, करून घ्यायचे. एडी शब्द पुरे करायचा आणि गायकांना बसवून गाणं शिकवायचा. पण लमाँट शब्दांच्या ओळी सुचवायचा आणि ब्रायनचं सगळं लक्ष आवाजाच्या पोतावर असायचं, त्यामुळे गीतकार-संगीतकार अशी सरळ रेघ तिथे मारता येत नाही. एडी स्वतः गायक होता, त्याचं एक गाणं 1962 च्या सुमारास चाललंही होतं. पण स्टेजवर उभं राहायला घाबरायचा. धाकट्या भावाच्या रॉयल्टीचा आकडा बघितला आणि गडी इकडे वळला!

काम करायची पद्धत आपल्या सिटिंगपेक्षा, म्हणजे चाल बसवायच्या बैठकीपेक्षा, फार वेगळी नव्हती. डमी शब्दांवर चाल व्हायची. फरक असा, की शब्द पुरे व्हायच्या आधीच वादकांचा ट्रॅक रेकॉर्ड होऊन जायचा. एडी तयार ट्रॅकवर शब्द बसवायचा. म्हणून या गाण्यांत शब्द ठेक्याला कधी आडवे जात नाहीत. ठेका आधी टेपवर पक्का झालेला असायचा, शब्दांना त्यात जागा शोधावी लागायची.

आता 1964 चं 'व्हेअर डिड अवर लव्ह गो' घ्या. हे गाणं आधी मार्व्हलेट्स या मुलींच्या ग्रुपसाठी होतं. त्यांना ते आवडलं नाही. तोवर ट्रॅक झालेला, तोही त्यांच्या ग्लॅडिस हॉर्टनच्या खालच्या आवाजाला धरून. मग ते सुप्रीम्स या दुसऱ्या मुलींच्या ग्रुपकडे आलं. सुप्रीम्सचं तोपर्यंत एकही गाणं धड चाललेलं नव्हतं, त्यांनाही हे फारसं पसंत नव्हतं. त्यांची मुख्य गायिका डायना रॉस एरवी वर गायची, इथे तिला आयत्या ट्रॅकच्या पट्टीत उतरावं लागलं. त्यातून जो जवळून बोलल्यासारखा, किंचित घोगरा आवाज निघाला, तीच पुढे तिची ओळख झाली. गाणं अमेरिकेतल्या लोकप्रियतेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं आणि त्यानंतरची सुप्रीम्सची याच तिघांची आणखी चार गाणी लागोपाठ तिथेच गेली. सुरुवातीला टाळ्यांसारखा जो आवाज येतो, तो फळ्यांवर पाय आपटून काढलेला आहे. हे सगळं कंसात कुठे लिहिणार?

याच्या उलट 1966 चं 'रीच आउट'. फोर टॉप्स या ग्रुपचा मुख्य गायक लिव्हाय स्टब्ज याचा आवाज मुळात भारदस्त, खालचा. त्याला या तिघांनी मुद्दाम त्याच्या आवाक्याच्या वरच्या टोकाला नेऊन ठेवलं, म्हणजे त्याला गाण्याऐवजी विनवण्या कराव्या लागतील, ओरडावं लागेल. गाण्यातली आर्तता चालीत आहे तेवढीच त्या पट्टीच्या निर्णयात आहे. मोटाउनमध्येच नॉर्मन व्हिटफिल्ड या दुसऱ्या प्रोड्यूसरने मार्व्हिन गे या गायकाकडून 'आय हर्ड इट थ्रू द ग्रेपव्हाइन' गाऊन घेताना हीच युक्ती केली.

आमच्याकडे काय होतं, ते सांगतो. बहुतेक वेळा गायकाचा निरोप येतो, 'काळी दोन चालेल, वर नको.' ट्रॅक त्या पट्टीत होतो. गीतकार तोवर शब्द देऊन घरी गेलेला असतो, संगीतकार दुसऱ्या स्टुडिओत असतो, आणि गायक आरामात गाऊन जातो. गाणं वाईट होत नाही. पण त्याला ओढाताण करायला लावणारं खोलीत कोणी नसतं, कारण तो अधिकारच कोणाकडे नसतो. त्या तिघांकडे तो होता. शब्द त्यांचे, चाल त्यांची, आणि टेक पास करणारेही तेच.

अर्थात त्यांच्याही वर कोणी होतं. दर शुक्रवारी मोटाउनमध्ये मीटिंग व्हायची, आठवड्यात झालेली रेकॉर्डिंग वाजवायची आणि मतदान घ्यायचं. गॉर्डीचा प्रश्न प्रसिद्ध आहे: खिशात शेवटचा डॉलर असेल तर ही रेकॉर्ड घ्याल की सँडविच? ही व्यवस्था अचूक होती असं मात्र समजू नका. मार्व्हिन गेचं 'ग्रेपव्हाइन' याच मीटिंगांमध्ये मागे पडलं. मग व्हिटफिल्डने तेच गाणं 1967 मध्ये ग्लॅडिस नाइट या गायिकेकडून वेगळ्या ढंगात करून घेतलं, ते जोरात चाललं. मार्व्हिनचं नुसतं अल्बममध्ये घातलेलं होतं. रेडिओवाल्यांनी ते आपणहून लावायला सुरुवात केली, तेव्हा 1968 च्या अखेरीस त्याचं सिंगल, म्हणजे एकट्या गाण्याची रेकॉर्ड, निघालं आणि सात आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. शब्द तेच, गाणं तेच, कंसातली नावं तीच (व्हिटफिल्ड आणि बॅरेट स्ट्राँग), आणि ऐकायला दोन वेगळी गाणी. तुमच्या प्रश्नाचं उत्तर एका जोडीत हवं असेल तर ही दोन रेकॉर्डिंग लागोपाठ ऐका.

आता माझ्या जिव्हाळ्याचा विषय. ट्रॅक वाजवणारे ते लोक स्वतःला फंक ब्रदर्स म्हणायचे. अर्ल व्हॅन डाइक पियानोवर, बेनी बेंजामिन ड्रम्सवर, तीन-तीन गिटारवाले, आणि बासवर जेम्स जेमर्सन. बहुतेक जण जॅझवाले, रात्री क्लबात वाजवायचे आणि दिवसा त्या तळघरवजा खोलीत. त्यांच्यासमोर बऱ्याचदा कॉर्डचा कागद आणि तोंडी सूचना एवढंच असायचं. जेमर्सन उजव्या हाताच्या एकट्या तर्जनीने वाजवायचा. तारा जाड, गुळगुळीत, वर्षानुवर्षं न बदललेल्या. तुम्ही 1967 चं 'बर्नाडेट' लावा आणि फक्त बासच्या मागे जा. गायक एका सुरावर रेंगाळत असतो तेव्हा बास खालून चालत असतो, ठोक्यावर येईल असं वाटतं तिथे थोडा आधी येतो, कॉर्ड बदलायच्या आतच पुढच्या कॉर्डकडे पायऱ्या टाकतो. शेवटाकडे सगळं एकदम थांबतं. गाणं संपलं असं वाटतं, तेवढ्यात लिव्हाय स्टब्ज तिचं नाव घेऊन हाक मारतो आणि सगळे पुन्हा आत येतात. ती बासची ओळ उतरवायला बसलात तर कळेल की ती एक वेगळीच चाल आहे, मुख्य चालीला समांतर. कंसात मात्र जेमर्सन नाही. मोटाउनच्या मोठ्या अल्बमवर वादकांची नावं ठळकपणे आली ती 1971 मध्ये, मार्व्हिन गेच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन'वर.

मग सगळं श्रेय वादकांचंच का? तेही नाही, आणि याचा पुरावा त्यांनीच ठेवलाय. यातले काही जण मालकाचा डोळा चुकवून शिकागोला जाऊन वाजवून यायचे. जॅकी विल्सनचं 1967 चं 'हायर अँड हायर' हे त्यांनी असं बाहेर केलेलं काम. ऐकताच मोटाउन वाटतं, म्हणजे तो आवाज त्यांच्या हातात होता हे खरं. पण याच वादकांनी वाजवलेली, कोणालाही न आठवणारी गाणीही ढिगाने आहेत. चाल पडेल असेल तर जेमर्सनही तिला वाचवू शकत नव्हता.

कंसावर किती विश्वास ठेवायचा याचा आणखी एक नमुना. 1967 च्या अखेरीस या तिघांचं पैशांवरून गॉर्डीशी बिनसलं. पुढच्या वर्षी एकमेकांवर दावे झाले. त्यांनी स्वतःच्या कंपन्या काढल्या, पण कोर्टकज्जा चालू असताना स्वतःच्या नावाने लिहिणं अडचणीचं होतं. म्हणून फ्रेडा पेनच्या 1970 च्या 'बँड ऑफ गोल्ड'वर रॉन डनबर यांच्या जोडीला 'एडिथ वेन' असं नाव दिसतं. रॉन डनबर खरा माणूस. एडिथ वेन हे या त्रिकुटाने घेतलेलं टोपणनाव.

मेम्फिसमध्ये चित्र निराळं होतं. स्टॅक्स कंपनीचा स्टुडिओ म्हणजे जुनं सिनेमा थिएटर. खुर्च्या काढल्या तरी जमीन पडद्याकडे उतरती राहिली. तिथे नोटेशन जवळपास नव्हतंच, सगळे एकत्र बसून वाजवता वाजवता गाणं बसवायचे. आयझॅक हेज आणि डेव्हिड पोर्टर ही तिथली जोडी. पोर्टर मुख्यतः शब्द बघायचा, हेज चाल आणि वाद्यं. पोर्टर समोरच्याच किराणा दुकानात कामाला होता, तिथून इकडे आला. एकदा चाल जमत आली आणि पोर्टर बाथरूममध्ये. हेज हाका मारायला लागला, तर आतून उत्तर आलं, 'थांब, येतोय!' पोर्टर धावत बाहेर आला तो गाण्याचं नाव घेऊनच. सॅम अँड डेव्ह या गायक जोडीचं 1966 चं 'होल्ड ऑन, आय'म कमिन' ते हेच. किस्सा दोघांनीही अनेकदा सांगितलाय. याच जोडीच्या 'सोल मॅन'मध्ये स्टॅक्सचा गिटारवाला स्टीव्ह क्रॉपर याची गिटार जिथे सरकत जाते, तिथे त्याने तारेवर चक्क सिगरेटचा लायटर फिरवलाय.

अल जॅक्सन हा तिथला ड्रमर. 1965 मध्ये विल्सन पिकेट हा गायक 'इन द मिडनाइट अवर' रेकॉर्ड करत होता, तेव्हा न्यूयॉर्कहून आलेला प्रोड्यूसर जेरी वेक्सलर याने स्टुडिओत नाचून दाखवलं की पोरं सध्या कुठल्या ठोक्यावर जोर देतात. जॅक्सन आणि क्रॉपरने तो जोर उचलला आणि दुसरा-चौथा ठोका किंचित उशिरा टाकला. गाण्याचा जीव त्या उशिरात आहे. कंसात पिकेट आणि क्रॉपर. वेक्सलर नाही, जॅक्सनही नाही, कारण ठेका ही कायद्याच्या लेखी मालमत्ता होत नाही. पण हाच अल जॅक्सन 1971 मध्ये, त्याच शहरातल्या दुसऱ्या स्टुडिओत, गायक अल ग्रीनच्या 'लेट्स स्टे टुगेदर'च्या कंसात आहे: ग्रीन, प्रोड्यूसर विली मिचेल आणि ड्रमर जॅक्सन. माणूस तोच, हात तेच. खोलीतल्या मालकाने काय ठरवलं, एवढाच फरक.

फिलाडेल्फियाबद्दल लिहायला बसलो तर आवरणार नाही, म्हणून दोनच गोष्टी. केनी गॅम्बल आणि लिऑन हफ यांनी 1971 मध्ये कंपनी काढली. हफ पियानोवर, गॅम्बल शब्द घेऊन समोर, आणि रेकॉर्डिंग जो टार्सियाच्या सिग्मा साउंडमध्ये. ओजेज या ग्रुपच्या 'फॉर द लव्ह ऑफ मनी'ची (1973) सुरुवात बासच्या एका ओळीने होते, इफेक्टमधून गेलेली, घुमणारी. ती ओळ अँथनी जॅक्सनची. आणि कंस वाचा: गॅम्बल, हफ, जॅक्सन. बासवाल्याचं नाव! जेमर्सनला जे मिळालं नाही ते याला मिळालं. ती ओळ काढली तर गाणंच उरत नाही, हे त्या दोघांनी मान्य केलं. म्हणून तिथे सगळं गोडीगुलाबीने चाललं असं नाही. त्यांच्या वादकांतले काही बिनीचे लोक पुढे पैशांवरूनच दुसऱ्या कंपनीकडे गेले.

दुसरी गोष्ट टॉम बेलची. तो शास्त्रीय पियानो शिकलेला, सगळं लिहून आणणारा अरेंजर, आणि लिंडा क्रीड त्याची गीतकार. या जोडीत मात्र तुमचा गीतकार-संगीतकार हा भेद बराचसा लागू पडतो. स्टायलिस्टिक्स या ग्रुपच्या 'यू मेक मी फील ब्रँड न्यू'मध्ये जी सतार वाजते असं आपल्या कानाला वाटतं, ती इलेक्ट्रिक सितार, म्हणजे मुळात गिटारच. तिची घोडी अशी बनवलेली असते की तारेला जवारीसारखी झणझण येते. बेलने ती हिंदुस्थानी रंग दाखवायला वापरलेली नाही. व्हायोलिन आणि हॉर्नच्या गर्दीत पातळ, धारदार आवाज वर तरंगतो, म्हणून वापरली. अरेंजरचा निर्णय म्हणतात तो हा.

आपल्याकडेही चित्रपट संगीतात हीच कथा आहे. शंकर-जयकिशनच्या गाण्यांतले कितीतरी पीस सेबॅस्टियन डिसूझा या गोव्याच्या अरेंजरच्या हातून उतरले, आणि रेकॉर्डच्या लेबलवर त्यांचं नाव नसायचं. फरक एवढाच की आपल्याकडे गीतकार आणि संगीतकार हे दोन रकाने आधीपासून आखलेले होते, तिसरा रकाना नव्हता.

आता तुमच्या तिघांचं. दोन गोष्टी तुमच्यावर अवलंबून आहेत, त्या मला बाहेरून सांगता येणार नाहीत: लॅपटॉपवाला मित्र नेमकं काय करतो, आणि तुम्ही एकमेकांशी किती स्पष्ट बोलू शकता. मी सेशनमध्ये एक कसोटी लावतो. पेटीवर किंवा एका गिटारवर गाणं म्हणून बघा. तरीही ज्याची ओळ ऐकणाऱ्याला आठवावीच लागते, तो चालीचा भागीदार. बाकीचं अरेंजिंग. त्याचे पैसे वेगळे ठरवावेत, रोख किंवा रेकॉर्डिंगच्या कमाईत हिस्सा. पण तुम्ही तिघंही कायम एकत्र बसत असाल, आणि चाल बऱ्याचदा त्याने टाकलेल्या ठेक्यावरच सुचत असेल, तर ही कसोटी गुंडाळून ठेवा आणि सरळ तीन समान वाटे करा. हॉलंड बंधू आणि डोझिअर यांनी कोणी कुठली ओळ सुचवली याचा हिशेब न ठेवता प्रत्येक गाण्यावर तिघांची नावं लावली. मोटाउनमध्ये त्यांचं भांडण झालं ते मालकाशी.

आपल्याकडे कॉपीराइट कायद्यातल्या 2012 च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा करारानेही पूर्ण काढून घेता येत नाही. अरेंजर-प्रोग्रामरला मात्र सहसा ठरलेल्या रकमेवरच समाधान मानावं लागतं. म्हणजे तुमच्या मित्राचं नाव संगीतकारांत घालायचं की नाही, हा निर्णय तुमच्याकडे अमेरिकेइतकाच महागाचा आहे. आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेकडे गाण्याची नोंद करताना वाटे टक्क्यांत भरावे लागतात. ते आकडे गाणं बाहेर पडायच्या आधी, शक्य असेल तर मिक्स व्हायच्याही आधी, एका कागदावर लिहून तिघांनी सह्या करा. व्हॉट्सॲपवरचा मेसेज असेल तरी चालेल, पण तो प्रत्येक गाण्याचा वेगळा असू द्या.